नानांचा एक फॉरवर्ड खरा होता

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"मी मूळचा यावल तालुक्यातला. एम.एस्सी. करून पुण्यात नोकरीला आहे. आमच्या भाऊबंदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात माझे सख्खे काका, नाना, होते. त्यांची केळी आहे. मे महिन्यात मी तापमानवाढीची एक बातमी टाकली. नाना म्हणाले, 'बहात्तर सालीही असंच होतं. हे सगळं परदेशी फंडवाल्यांचं आणि सोलर विकणाऱ्यांचं काम आहे.' तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी रिपोर्ट टाकायचो, ते व्हिडिओ टाकायचे. खान्देश दीड अंशाने तापलाय असं मी लिहिलं, ते हसले. मग पक्ष निघाले, चॅनेलं निघाली. हिमालयाचा बर्फ २०३५ पर्यंत संपणार असं शास्त्रज्ञ खोटंच बोलले होते, असा फॉरवर्ड त्यांनी टाकला. मी खाली लिहिलं, 'फेक'. कोळसा बंद व्हायला हवा म्हणालो तर दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कंत्राटावर असलेला चुलतभाऊ अंगावर आला. आता डिसेंबरात नानांनी थंडीने पिवळ्या पडलेल्या केळीचा फोटो टाकला, 'कुठे गेली रे तुझी तापमानवाढ?' मी रागाच्या भरात लिहिलं, 'अडाण्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.' नानांनी ग्रुप सोडला. पीक विम्याच्या वेळी हवामान केंद्राच्या आकड्यावरून साऱ्या ऑफिसांशी भांडलेला हा माणूस माझं एक वाक्य ऐकून घेत नाही. वडील म्हणतात माफी माग. विज्ञान माझ्या बाजूने असताना मी माफी कशाची मागू? नानांना पटवू कसं? पुढच्या रविवारी त्यांच्याच मळ्यात भरीत पार्टी आहे. आणि अ‍ॅडमिन आत्याचा मुलगा, तो म्हणतो, ग्रुपवर हवामान आणि राजकारण दोन्ही बंद. हे बरोबर आहे का?"

प्रिय पुतण्या,

माफी दोन गोष्टींची माग. 'अडाणी' म्हणालास त्याची, आणि हिमालयाच्या फॉरवर्डखाली 'फेक' लिहिलंस त्याची. कारण 'खोटं बोलले' हा शब्द वगळला तर तो फॉरवर्ड खरा होता.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, अहवाल आला. त्याच वर्षी या समितीला शांततेचं नोबेलही मिळालं. त्या जाडजूड अहवालात एक वाक्य असं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. या वाक्याला शास्त्रीय संशोधनाचा आधारच नव्हता. ते एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून उचललेलं होतं आणि त्या अहवालाने ते एका विज्ञान साप्ताहिकातल्या बातमीवरून घेतलं होतं. २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांवरचा चर्चा-निबंध प्रसिद्ध केला, त्यातून हे प्रकरण तापलं. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी आधी त्या निबंधाला हिणवलं. जानेवारी २०१० मध्ये समितीने चूक कबूल करून खेद व्यक्त केला.

आता हे नानांच्या जागी बसून बघ. त्यांच्याकडे हजारात एक खरा फॉरवर्ड आला होता, आणि त्यावरच शिकलेल्या पुतण्याने न वाचता 'फेक' असा शिक्का मारला. त्यानंतर तू टाकलेलं काहीही त्यांनी का वाचावं?

तुला या गोष्टीचा पुढचा भागही सांगता आला असता. ही चूक पकडली कोणी? हिमनद्यांवरच आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनी. चूक निघाली म्हणून हिमालयातला बर्फ वाढला असंही नाही, तो घटतोच आहे, फक्त २०३५ ही तारीख हास्यास्पद होती. हा भाग तू नानांना सांगितला असतास तर 'खोटं बोलले' आणि 'चुकले, मग सुधारलं' यातला फरक त्यांनाच दिसला असता. पण त्यासाठी आधी 'हो नाना, हे खरं आहे' असं लिहावं लागलं असतं, आणि ग्रुपवर साठ माणसं बघत असताना हे लिहिणं जड जातं.

तुझाही एक आकडा गडबडलेला आहे. 'खान्देश दीड अंशाने तापलाय' हे तू कुठून आणलंस ते मला कळलं. २०२४ हे साल साऱ्या जगाच्या सरासरीत औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने जास्त उष्ण होतं, जागतिक हवामान संघटनेने तसं जाहीर केलं. तो आकडा जगाचा आणि एका वर्षाचा. तो उचलून तू यावल-रावेरला चिकटवलास. भारताचा आकडा वेगळा आहे. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल, ज्याचं बरंचसं काम तुझ्या पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत झालं, तो सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढलं. जगापेक्षा ही वाढ कमी दिसते, यामागे हवेतल्या प्रदूषणाचे कण आणि वाढलेलं सिंचन यांचाही हात असल्याचं शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा नाना हसले ते अगदीच उगाच नाही. जळगाव जिल्ह्यातला माणूस मे महिन्यात पंचेचाळीस अंश अंगावर घेतो, त्याला दीड अंशाची भीती घालायची तर आकडा तरी चोख हवा.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. ते तू चिडून लिहिलंस, पण मला सगळ्या पत्रात तेच कामाचं वाटलं: विम्याच्या वेळी हवामान केंद्राच्या आकड्यावरून भांडलेला माणूस.

अरे, मग या विषयात नाना तुझ्याही पुढे आहेत! केळीचा फळपीक विमा हवामानावर चालतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली ठरलेले दिवस राहिला तर भरपाई, नाहीतर बाग डोळ्यांदेखत वाळली तरी काही नाही. त्यामुळे आपल्याकडचा केळीवाला अर्ध्या अंशासाठी रात्र जागतो. केंद्र कुठे बसवलंय, शेजारी पत्र्याचं शेड आहे का, कुंपणाच्या आत गवत किती माजलंय, झाडाची सावली कधी पडते, हे त्याला पाठ असतं. तापमापक उन्हात ठेवायचा नसतो, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, वारा खेळता राहील असा ठेवायचा असतो. हे तुझ्या वर्गातल्या किती जणांना सांगता येईल? नानांना येईल. आकडा मोजतो कोण, मोजायची जागा बरोबर आहे का आणि त्या आकड्यावर पैसे कोणाचे ठरतात, हे तीन प्रश्न ते रोज विचारतात. हवामानशास्त्रातली निम्मी भांडणं याच तीन प्रश्नांवर झाली आहेत.

नानांसारखाच एक माणूस अमेरिकेत होता. रिचर्ड मुलर, बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनाही शंका होती की शहरं वाढली, केंद्रांच्या भोवती सिमेंट आलं, म्हणून पारा चढलेला दिसतो. त्यांनी नुसता व्हिडिओ काढला नाही, बर्कली अर्थ नावाचा प्रकल्प उभा केला आणि जगभरातल्या ३६,००० हून अधिक केंद्रांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. गंमत म्हणजे या कामाला काही पैसा चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचा होता, आणि कोक कुटुंबाचा धंदा तेलाचा. निष्कर्ष आला की वाढ खरी आहे, शहरांमुळे ती फसवी दिसत नाही. २०१२ साली मुलर यांनी जाहीरपणे लिहिलं की आपलं मत बदललं आहे, आणि या वाढीचं कारण जवळजवळ पूर्णपणे माणूसच आहे. शिवाय समुद्रही तापतोय, आणि समुद्रात कोणी काँक्रीटचे रस्ते केलेले नाहीत. ही गोष्ट नानांना सांग. ते लगेच 'पटलं' म्हणतील असं नाही, पण त्यांनी विचारला तोच प्रश्न एका मोठ्या प्राध्यापकाने विचारला होता, हे त्यांना आवडेल. मलाही आवडलं असतं.

थंडीचा फोटो. रात्रीचा पारा दहाच्या खाली सलग राहिला की केळीची वाढ खुंटते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते, घड खोडाच्या पोंग्यातच अडकतो. नानांनी तो फोटो टाकला तेव्हा त्यांचा माल मार खात होता. तू तिकडे बघितलंच नाहीस, फक्त टोमणा वाचलास. तिथे पहिलं वाक्य 'किती खोडांना लागलंय, नाना?' हे हवं होतं. त्यानंतर हवामान हवं तेवढं सांगता आलं असतं: उत्तरेकडून थंड वारे आले की चार-आठ दिवस पारा उतरणारच, तापमानवाढ म्हणजे थंडी बंद असा अर्थ कोणी काढलेला नाही, तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या एकमेकींशेजारी ठेवून हा हिशोब होतो. बाजारभावाचा माणूस आहे तो. एका दिवसाच्या भावावरून सालाचा अंदाज बांधायचा नसतो हे त्याला तू शिकवायची गरज नाही.

बहात्तरचंही तसंच. तो दुष्काळ पाऊस पडला नाही म्हणून झाला. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. नाना त्या वेळी शाळकरी पोर असतील किंवा थोडे मोठे. 'पूर्वीही असंच होतं' असं ते म्हणतात तेव्हा त्यातलं निम्मं हवामानाबद्दल असतं आणि निम्मं 'आम्ही भोगलंय ते तुला माहीत नाही' असं असतं. दुसऱ्या निम्म्याला आलेख दाखवून उत्तर देता येत नाही. ते ऐकून घ्यावं लागतं, तासभर तरी.

'सोलर विकणाऱ्यांचं काम' याला मात्र उत्तर आहे, आणि ते ठणकावून दे. कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापते, हे युनिस फूट नावाच्या बाईने १८५६ साली दाखवलं. म्हणजे आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायच्या आदल्या वर्षी. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता कशी अडवतात ते प्रयोगशाळेत मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. तेव्हा सोलर पॅनेल विकणारा जन्माला यायचा होता. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हा वायू सलग मोजला जातोय. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. आणि फायद्याचंच बोलायचं तर तेल कंपन्यांचाही फायदा मोजावा लागेल: एक्झॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जे अंदाज बांधले होते ते पुढे बऱ्यापैकी बरोबर निघाले, आणि कंपनी बाहेर मात्र वर्षानुवर्षं 'अजून नक्की काही सांगता येत नाही' असं म्हणत राहिली. नानांना फंडवाले शोधायचे असतील तर हा पत्ता द्यावा.

इथवर तुझी बाजू पक्की आहे. पुढे ती तितकी पक्की राहत नाही, आणि तुझा घोळ तिथेच झालाय. पृथ्वी कशाने तापते हे मोजून सांगता येतं. पण त्याची किंमत कोणी मोजायची, हे तापमापक सांगत नाही. तू पहिल्याचा दाखला देऊन दुसरं जिंकायला गेलास. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. दीडशे वर्षं ज्यांनी धूर काढला ते आता आम्हाला शहाणपण शिकवतात, असं नाना म्हणत असतील तर ते विज्ञानाच्या विरोधात बोलत नाहीत. भारत सरकार प्रत्येक परिषदेत थोड्या सभ्य शब्दांत हेच बोलतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपण निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जेवढं सोडू तेवढंच शोषलं जाईल यासाठी, २०७० साल सांगितलं, ते याच हिशोबातून.

आणि दीपनगर! भुसावळच्या आसपासच्या गावांत त्या चिमण्यांवर किती चुली पेटतात ते पुण्यात बसून विसरायला होतं. राखेचा त्रासही तीच गावं सोसतात, हेही खरं. पण कंत्राटावरच्या भावाला तू 'कोळसा बंद व्हायला हवा' म्हणालास, त्याच्या कानाला ते 'तू घरी बस' असंच लागलं. साक्रीला सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, बदल खान्देशातच चाललाय. दीपनगरच्या कामगाराला त्या बदलात जागा कुठे, यावर भांडायचं तर तुम्ही दोघे चुलतभाऊ एकाच बाजूला येऊ शकता.

चॅनेलांबद्दल फार लिहीत नाही. मे महिन्यात 'सूर्य आग ओकतोय' आणि जानेवारीत 'महाराष्ट्र गारठला', दोन्हीला पार्श्वसंगीत एकच. चर्चेत एक शास्त्रज्ञ आणि एक आरडाओरडा करणारा शेजारी शेजारी बसवला की बघणाऱ्याला वाटतं, मामला निम्मा-निम्मा आहे. ते नानांच्या चॅनेलला जितकं लागू तितकंच तुझ्याही. गाडीच्या डॅशबोर्डवर '४९ अंश' दिसले म्हणून फोटो टाकणारे तुझ्या बाजूचेच असतात. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५, असं झालं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्यात धरत नाहीत.

तर करायचं काय? रविवारची वाट बघू नकोस, आजच नानांना फोन कर, आणि फोनवर हवामान काढू नकोस. अपमान ग्रुपवर केलास, म्हणून माफी ग्रुपवर. ते ग्रुपात नसले तरी टाक, भाऊबंदांकडून तासाभरात पोचेल. एवढं पुरे:

'नानांना मी अडाणी म्हणालो, ते चुकीचं होतं. हिमालयाची त्यांची माहितीही बरोबर होती, मी न वाचता फेक म्हणालो. तापमानवाढीबद्दल माझं मत तेच आहे, ते मी नानांशी समोर बसून बोलेन.'

तिसरं वाक्य गाळू नकोस. नाही तर लोक समजतील की वडिलांच्या धाकाने विज्ञान मागे घेतलं.

मळ्यात गेल्यावर सांगू कमी, विचार जास्त. मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांतली कोणती आता जास्त परवडते? लागवडीची तारीख दहा-वीस वर्षांत सरकली का? वाऱ्यासाठी कडेला शेवरी कधीपासून लावायला लागले? उत्तरं लिहून घे. त्यातलं काही तुझ्या मताला दुजोरा देईल, काही देणार नाही, कारण बाजारभाव, नवी रोपं आणि पाण्याची पातळी हीसुद्धा कारणं असतात. ते लगेच 'बघा, हवामानबदल' म्हणून झडप घालू नकोस. भरताची वांगी भाजली जाईपर्यंत वेळ असतो, आणि मळ्यावर माणसं तशीही खरं बोलतात. नाना 'तू बरोबर होतास' असं कधीच म्हणणार नाहीत, ते सोडून दे. सत्तरीच्या माणसाने पुतण्यापुढे हरावं अशी अपेक्षा ठेवून गेलास तर पुरी-भरीत खाऊन भांडूनच परत येशील.

राहिला अ‍ॅडमिन. 'हवामान बंद' हा नियम केळीवाल्यांच्या ग्रुपवर चालायचा नाही. गारपीट झाली तर काय तुम्ही चूप बसणार? त्याला म्हणावं, राजकारण बंद करायचं तर खुशाल कर, लग्नाच्या पत्रिका आणि दशक्रियेचे निरोप तरी सापडतील. हवामानाला एकच अट घाल: आकडा टाकायचा तर कुठल्या केंद्राचा, कुठल्या तारखेचा, हे सोबत लिहायचं. नाना परत आले की अंमलबजावणी त्यांच्याकडेच दे, पहिला दणका तुलाच बसेल.